शेजारच्या काउंटीतला सूट

मार्लिस टेस्डालच्या कपाटात वर्षाचे महिने लोकरीत विणून टांगलेले होते. सप्टेंबरचा स्वेटर सफरचंदांचा, ऑक्टोबरचा भोपळ्यांचा, नोव्हेंबरचा टर्की पक्ष्यांचा, आणि डिसेंबरपासून थेट मार्चअखेरपर्यंत, पोरं अंगणात बर्फाचे उभे करतात त्या हिममानवांचा, कारण मिनेसोटात हिममानव लवकर हलायचं नाव घेत नाही. शाळांच्या कार्यालयात पगारपत्रकं करताना सव्वीस वर्षं ती हेच घालत आली होती. शिक्षक तिच्या खिडकीशी आले की आधी तिच्या छातीकडे बघून महिना कुठला चाललाय ते ठरवत आणि मग आपली तक्रार सांगत.

मुलाखतीला घालावा असा मात्र त्यात एकही स्वेटर नव्हता.

मुलाखतीची वेळ आली ती अशी, की पोरं कमी झाली म्हणून दोन गावांच्या शाळा एक झाल्या, आणि एक झालेल्या शाळांना पगारपत्रकं करायला एकच बाई पुरे होती. ती बाई दुसऱ्या गावची निघाली. डिसेंबरात मार्लिसची नोकरी गेली, नोकरीबरोबर आरोग्यविमा गेला, आणि विम्याबरोबर तिच्या नवऱ्याच्या, व्हर्लिनच्या, खुब्याच्या शस्त्रक्रियेची ठरलेली तारीख गेली. व्हर्लिन घरामागच्या गॅरेजमध्ये गवत कापायची आणि बर्फ उडवायची यंत्रं दुरुस्त करायचा. तारीख रद्द झाल्याचं कळल्यावर तो म्हणाला, "तसंही हल्ली बरंच बरं आहे." त्यानंतर तो जिथे उभा राही तिथे त्याचा एक हात कशावर तरी असे. टेबलावर, यंत्रावर, कुत्र्यावर. मार्लिसला ते दिसत होतं. तिला दिसतंय हे त्याला दिसत होतं. दोघं त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हती, आणि अशा रीतीने एकतीस वर्षांचा संसार सुरळीत चालू होता.

तर फेब्रुवारीच्या शेवटी काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, नोंदणी कार्यालयाचं पत्र आलं. जमिनीचे दस्त, जन्म, लग्नं यांच्या नोंदी ठेवणारी एक लिपिक हवी होती. विमा नोकरी लागल्यानंतरच्या पहिल्या तारखेपासून. मुलाखत एकोणीस मार्चला साडेदहा वाजता, काउंटीच्या गावी, म्हणजे ग्रेंजरला. पत्राच्या तळाशी एक ओळ होती: "पोशाख व्यवसायास साजेसा, मात्र अनौपचारिक असावा."

मार्लिसने ती ओळ तीनदा वाचली आणि कपाटाच्या तळातून सव्वीस वर्षांपूर्वीचा निळा सूट काढला. सूट जसाच्या तसा होता. मार्लिस तशी राहिली नव्हती. जॅकेटची दोन टोकं एकमेकांकडे बघत होती खरी, पण भेटायची शक्यता नव्हती.

तिने व्हर्लिनला विचारलं. तो विचार करून म्हणाला, "कपडे घालून जा." यापलीकडे त्याचं या विषयावर काही मत नव्हतं, आणि पुढे जे झालं ते पाहता तोच एक शहाणा म्हणायचा.

कारण पुढची चूक मार्लिसने केली ती म्हणजे शेजारच्या आर्डिसला विचारलं. आर्डिस केकची वडी झाकलेल्या ताटलीत घेऊन आली, म्हणजे तासभर बसायची तयारी करूनच आली. तिचं म्हणणं, स्कर्टच हवा, गुडघ्याखाली दोन बोटं, आणि पायमोजे कातडीच्या रंगाचे. मार्लिसने काळी पँट दाखवली तेव्हा आर्डिस जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "वेगळंच आहे गं."

त्या भागात एखाद्याच्या कपड्यांना किंवा स्वयंपाकाला 'वेगळंच आहे' म्हटलं, की त्यावर अपील नसतं. पँट परत कपाटात गेली.

संध्याकाळी मिनियापोलिसहून मुलीचा, क्रिस्टाचा, फोन आला. तिच्या मते स्कर्ट आणि पायमोजे म्हणजे थेट निवृत्तीचा अर्ज. पँटच घाल, काळी नको, रंग असू दे, तुझं व्यक्तिमत्त्व दिसू दे. मार्लिसने विचारलं, व्यक्तिमत्त्व कुठल्या रंगाचं असतं. क्रिस्टा म्हणाली, "आई, तू मुद्दाम करतेस." मार्लिस मुद्दाम करत नव्हती. तिचं व्यक्तिमत्त्व आजवर ऋतुमानाप्रमाणे बदलत आलं होतं.

बुधवारी चर्चमध्ये गोधड्या शिवायला बायका जमल्या, आणि आर्डिसने तिथे विषय काढला. दूरदेशीच्या गरजूंसाठी त्या दिवशी सहा गोधड्या व्हायच्या होत्या, दीड झाली. अर्ध्या बायका स्कर्टच्या बाजूच्या, अर्ध्या पँटच्या. कुणी म्हणालं, मुलाखत घेणाऱ्या बाईपेक्षा भारी दिसायचं नाही. दुसरी म्हणाली, तिच्यापेक्षा हलकंही दिसायचं नाही. आता ती बाई काय घालते हे कुणालाच माहीत नव्हतं. नोंदणी अधिकारी आयोना लुंडबर्ग दोन वर्षांपूर्वीच निवडून आलेली, काउंटीच्या पार दुसऱ्या टोकाची. काउंटीच्या पत्रिकेत तिचा टपाल तिकिटाएवढा फोटो यायचा, त्यात फक्त मान आणि निर्धार दिसायचा. शेवटी मत घ्यायचं ठरलं. सात विरुद्ध सात. पास्टरीणबाईंचं मत मागितलं तर त्या म्हणाल्या, देव अंतःकरण बघतो. यावर दोन्ही बाजू नाराज झाल्या.

तेव्हा मार्लिसने ठरवलं, ज्यांनी ती ओळ लिहिली त्यांनाच विचारावं. तिने काउंटीच्या कर्मचारी विभागाला फोन केला. तिकडून एक मृदू आवाज म्हणाला, पोशाखाबद्दल आम्हाला एका उमेदवाराला काही सांगता येत नाही. एकीला सांगितलं तर सगळ्यांना सांगावं लागतं, नाहीतर अन्याय होतो. तुमचा प्रश्न लेखी पाठवा.

मार्लिसने पाठवला. सरळ मनाची बाई, तिने सगळं लिहिलं. व्यवसायास साजेसा म्हणजे किती आणि अनौपचारिक म्हणजे कितपत. सव्वीस वर्षं भोपळ्यांच्या आणि हिममानवांच्या स्वेटरांत काढल्यामुळे अंदाज येत नाही. जुना सूट आता बसत नाही. आणि पायमोज्यांबद्दल कार्यालयाचं काही धोरण आहे का.

चौथ्या दिवशी पाचही उमेदवारांना ईमेल आलं. "एका उमेदवाराने पुढीलप्रमाणे विचारणा केली आहे," असं म्हणून खाली मार्लिसचा प्रश्न शब्दशः दिला होता. गोपनीयतेसाठी नाव काढलं होतं. भोपळे राहू दिले होते.

त्या काउंटीत भोपळ्यांच्या स्वेटरवाली दुसरी बाई असती तरी एक वेळ चाललं असतं. दुपारपर्यंत बँकेतल्या ग्लेंडाने, जी स्वतः पाचांतली एक होती, मार्लिसला सहानुभूतीचा फोन केला आणि आपण करडा सूट घालणार असल्याचं ओघात सांगितलं. किराणा दुकानात मांस कापणाऱ्या माणसाने तिला सूट मिळाला का विचारलं. आपला जुना सूट बसत नाही ही गोष्ट काउंटीच्या खर्चाने गावोगाव कळवली गेली, याचं मार्लिसला मनस्वी वाईट वाटलं. ईमेलखाली काउंटीच्या वकिलांचं उत्तर होतं, दीड पानाचं. त्याचा मथितार्थ असा: समंजस व्यक्तीला अशा प्रसंगी जे समंजस वाटेल ते समंजस उमेदवाराने घालावं, काउंटी कुठल्याही वस्त्राची शिफारस करत नाही आणि कुठल्याही वस्त्राला हरकत घेत नाही. पायमोज्यांबाबत काउंटीने मौन पाळलं होतं.

आता राहता राहिलं रोजगार केंद्र. बेकारभत्ता हवा तर तिथल्या एका वर्गाला बसणं सक्तीचं होतं, आणि त्या महिन्याचा वर्ग नेमका 'मुलाखतीचा पोशाख' हाच होता. वर्ग घेणारे डेल नावाचे गृहस्थ साठीचे, अंगात लोकरी बंडी, पँटला सहा खिसे. समोर अकरा बायका आणि एक ट्रकचालक. डेलनी छापील पानं वाटली. पुरुषांसाठी एक ओळ होती: स्वच्छ शर्ट. बायकांसाठी चार पानं होती.

त्यात टाच किती उंच, गळा किती खोल, कानातलं किती हलावं, सुगंध किती दूरवर यावा, सगळं होतं. चेहऱ्यावर रंग असावा पण लावलेला वाटू नये. केस आटोपशीर असावेत पण ताणलेले नकोत. आत्मविश्वास दिसावा, फार दिसू नये. मार्लिसने हात वर करून विचारलं, हे बायकांना विचारून लिहिलं आहे का. डेल प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, "मला तयारच मिळालं हे. मी फक्त वाचतो." ट्रकचालक अर्ध्या मिनिटात मोकळा झाला होता, तो खिडकीतून आपला ट्रक बघत बसला.

वर्ग पूर्ण केल्याबद्दल मात्र एक चिठ्ठी मिळाली. ती दाखवली की चर्चच्या तळघरांतून चालणाऱ्या कपड्यांच्या खोलीतून मुलाखतीचे कपडे फुकट मिळत. एक वरचं, एक खालचं, एक पायातलं. अशी खोली मार्लिसच्या गावातही होती, म्हणजे गोधड्यांच्या टेबलापलीकडे, आर्डिसच्या देखरेखीखाली. मार्लिस तिथे गेली असती तर सूट अंगावर चढायच्या आत चौदा बायकांनी मत दिलं असतं. तिने गाडी काढली आणि तीस मैलांवर, काउंटीची हद्द ओलांडून ब्रॅमस्टाडला गेली.

ब्रॅमस्टाडच्या तळघरात लॅव्हॉन नावाची ऐंशी वर्षांची बाई खुर्चीत बसून सगळा कारभार बघत होती. तिने चिठ्ठी वाचली, पत्ता वाचला आणि काही विचारलं नाही. मार्लिसने आपणहून सांगितलं, की सहज या बाजूला आले होते.

"सगळे सहजच येतात," लॅव्हॉन म्हणाली. "घ्यायला येतात ते सहज, द्यायला येतात ते सहज. आपल्या गावात कोणी देत नाही. रविवारी चर्चमध्ये आपलाच कोट पुढच्या बाकावर बसलेला कोणाला बघायचाय."

मग तिने मांडणीमागून एक सूट काढला. शेवाळी रंगाचा, जाड लोकरीचा, जॅकेट आणि स्कर्ट. इथे नियमाचा प्रश्न आला. सूट म्हणजे एक वस्तू की दोन, आणि आत घालायचा ब्लाउज 'एक वरचं' मध्ये मोडतो की जॅकेट मोडतं. लॅव्हॉनने नियमांचा कागद डोळ्यांशी नेला, लांब धरला, शेवटी उलटा ठेवला आणि म्हणाली, "आधी घालून तर बघ."

मार्लिस आरशासमोर उभी राहिली. सूट कुणीतरी अंगावर बेतून शिवून घेतलेला होता, आणि ते अंग अगदी मार्लिसचं असावं असा बसला. आरशात एक बाई उभी होती. तिचं म्हणणं लोक मध्येच तोडत नसावेत. मार्लिसने तिच्याकडे जरा अदबीनेच बघितलं. बाहेर आली तशी लॅव्हॉनने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, वाईट नाही. याहून मोठी स्तुती त्या भागात करत नाहीत, नवरीचीसुद्धा.

एकोणीस मार्चला पहाटे बर्फ पडलं. मार्लिसने सवयीप्रमाणे पायात बर्फाचे बूट चढवले आणि लॅव्हॉनकडून मिळालेले काळे जोडे किराणा दुकानाच्या पिशवीत टाकून दाराशी ठेवले. आत शिरताना बूट उतरवायचे आणि जोडे घालायचे, तिथली शेंबडी पोरंही हे करतात. दाराशी तशीच आणखी एक पिशवी होती. आदल्या दिवशी व्हर्लिनला एका गिऱ्हाइकाने यंत्राच्या दुरुस्तीबद्दल गोठलेल्या तळ्यातला मासा दिला होता, आणि खुब्यामुळे तो तळघरातल्या फ्रीजपर्यंत उतरला नव्हता. मासा त्याने थंड ओसरीवरच, दाराशी ठेवला होता.

ग्रेंजरच्या काउंटी इमारतीच्या दाराशी बाकावर बसून मार्लिसने पिशवी उघडली, तेव्हा माशाने तिच्याकडे बघितलं.

दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. परत गाडीपर्यंत जाऊन येण्यात अर्थ नव्हता, जोडे घरी होते. तिने मासा आपल्या कोटात गुंडाळला, कोट खुंटीला लावला आणि शेवाळी सूटखाली गुडघ्यापर्यंतचे करडे बर्फाचे बूट घालून ती स्वच्छतागृहात शिरली. डेलच्या चार पानांत बुटांबद्दल सव्वा पान होतं. त्यातलं एक वाक्यही आता उपयोगाचं नव्हतं.

तिथून निघताना स्कर्टची चेन अर्ध्यावर अडकली. वर जाईना, खाली येईना. मार्लिसने श्वास रोखला, कापड ओढलं, मनातल्या मनात एक शब्द वापरला जो तिने शेवटचा बाळंतपणात वापरला होता. तेवढ्यात शेजारच्या बेसिनशी हात धूत असलेली, मार्लिसएवढीच उंच एक बाई हात पुसत आली.

"थांबा. वळा तिकडे," ती म्हणाली. "ओढू नका. आधी अर्धा इंच खाली, मग आतलं अस्तर डावीकडे, आणि मग."

चेन सर्रकन वर गेली. बाईने बुटांकडे पाहिलं, सूटकडे पाहिलं आणि ती निघून गेली. काउंटीत किती तत्पर बायका नोकरीला आहेत, असं मार्लिसच्या मनात आलं.

मुलाखतीच्या खोलीत टेबलामागे तिघं बसले होते. एका बाजूला कर्मचारी विभागाचा मृदू आवाज, दुसऱ्या बाजूला काउंटीच्या मंडळाचा एक सभासद, आणि मध्ये, आयोना लुंडबर्ग अशा पाटीमागे, ती चेनवाली बाई.

बारा प्रश्न होते. ते सगळ्या उमेदवारांना त्याच क्रमाने, त्याच शब्दांत विचारायचे आणि अधिक-उणं काही बोलायचं नाही, असा नियम होता. मार्लिसने पहिल्या प्रश्नाला आपलं नाव बरोबर सांगितलं. त्यानंतर घसरण सुरू झाली. दुसऱ्या प्रश्नात ती पगारपत्रकाऐवजी पगारपत्रिका, मग पत्रिकेऐवजी पत्रावळ असं काहीसं बोलली. तिसऱ्यात सर्वांत मोठा दोष विचारला, तर तिने बूट सांगितले. सभासदाने टेबलाखाली वाकून बघितलं.

चौथा प्रश्न चालू असताना मार्लिसच्या डोक्यात हळूच एक विचार आला. परक्या बाईच्या स्कर्टची चेन अर्धा इंच खाली घ्यावी लागते हे जगात एकाच व्यक्तीला ठाऊक असतं.

तिने वर बघितलं. आयोना लुंडबर्ग कागद वाचत होती, पण तिची नजर मार्लिसच्या जॅकेटच्या तिसऱ्या बटणावर होती. ते बटण इतरांपेक्षा गडद दोऱ्याने लावलेलं होतं. बाईच्या मानेवर तांबूस रंग चढत चढत कानांपर्यंत गेला. आपल्या काउंटीत कुणाच्या अंगावर दिसू नये म्हणून हद्दीपलीकडे नेऊन दिलेला सूट आता समोर बसून उत्तरं देत होता. मार्लिसचेही कान तापले. काउंटीतल्या कुणाला कळू नये म्हणून ती हद्दीपलीकडे गेली, आणि तिथून काय आणलं, तर हे. एका खोलीत दोन बायका एकाच गोष्टीसाठी लाजत होत्या, आणि नियमाप्रमाणे दोघींनाही ती बोलता येत नव्हती. पाचवा आणि सहावा प्रश्न कुणी विचारला आणि त्यांना काय उत्तर दिलं गेलं, हे पुढे कुणालाच आठवलं नाही.

सातवा प्रश्न आयोनाने वाचला. "या कार्यालयात लोकांच्या खाजगी गोष्टी कळतात. त्या तुम्ही कशा जपाल?"

मार्लिसने हात मांडीवर ठेवले. डोळ्यांपुढे आला तो व्हर्लिन, कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून उभा. हा प्रश्न तरी घालवायचा नव्हता. आधीचे गेलेच होते.

"तोंड बंद ठेवणं सोपं असतं," ती म्हणाली. "अवघड असतं ते चेहरा ठेवणं. शाळेत मला सगळं कळायचं. कुणी विम्यातून नवऱ्याचं नाव काढलं, कुणी मुलाचं आडनाव बदललं. दुसऱ्या दिवशी ती बाई खिडकीशी आली, की माझा चेहरा कालच्यासारखाच हवा. नाहीतर तिला कळतं की मला कळलंय." तिने जॅकेटचा काठ सरळ केला. "एखाद्याची एखादी वस्तू आपल्याला ओळखू आली, म्हणून आपण ती ओळखलीच पाहिजे असं नाही. मला तरी कधी ओळखू येत नाही."

सभासदाला हे उत्तर प्रश्नाला सोडून वाटलं. कर्मचारी विभागाने मान तिरकी केली. आयोना लुंडबर्ग मात्र बराच वेळ लिहीत होती. मग तिने मान वर केली, तर चेहरा अगदी कालच्यासारखा होता; काल मार्लिसने तो पाहिलाच नव्हता, ही गोष्ट वेगळी.

उरलेले पाच प्रश्न मार्लिसने अशी उत्तरं देऊन संपवले, की आरशातली ती बाई ऐकत असती तर तिनेही मध्ये तोडलं नसतं. निघताना तिघांनी हात मिळवले. कोट खाली घेतला तेव्हा माशावरचा बर्फ वितळू लागला होता. तो तिने गाडीच्या छतावर बर्फात ठेवला, आणि तो तिथेच आहे हे घरी पोहोचेपर्यंत विसरली. तो कुठल्या वळणावर उतरला ते कधी कळलं नाही.

नऊ दिवस काही झालं नाही. ते नऊ दिवस आर्डिसने रोज येऊन पायमोजे घातले होते का ते विचारलं. मार्लिसने रोज विषय बदलला.

दहाव्या दिवशी दुपारी कर्मचारी विभागाचा मृदू आवाज फोनवर आला. निवड कोणत्या कारणाने झाली हे नियमाप्रमाणे सांगता येत नाही, तो म्हणाला, पण झाली आहे. पुढच्या सोमवारी रुजू व्हा. विमा लगेच येणाऱ्या पहिल्या तारखेपासून, दोघांचाही.

मार्लिसने फोन ठेवला आणि बर्फ तुडवत, हिममानवांच्या स्वेटरवर काहीही न पांघरता, गॅरेजमध्ये गेली. व्हर्लिन यंत्रावर एक हात ठेवून दुसऱ्या हाताने पाना फिरवत होता. तिने सांगितलं. नोकरी, सोमवार, पहिली तारीख.

त्याने पाना खाली ठेवला. मग त्याने यंत्रावरचा हात काढला, स्टुलाच्या दिशेने एक पाऊल टाकलं, आणि "अगं आई गं" करून असा काही मोठ्याने कण्हला, की कुत्रं दचकून उठलं.

"व्हर्लिन?"

"दुखतंय गं," तो म्हणाला. "फार दुखतंय. डिसेंबरपासून जिना चढताना डोळ्यांपुढे काजवे चमकतात." आणि स्टुलावर बसता बसता तो आणखी एकदा कण्हला, सावकाश, अगदी पोट भरून.

मार्लिस दाराशी उभी राहून ऐकत राहिली. चार महिने घरात इतकं बरं कुणी बोललं नव्हतं. मग ती आत गेली आणि डॉक्टरांचा नंबर शोधू लागली.